भरून घेतलेली शाई

नानासाहेब पाईकरावांना काळजी करायला कारण लागायचं नाही. कारण नसलं तर उलट जास्त घोर लागायचा, की सगळं इतकं सुरळीत कसं चाललंय, नक्कीच आपल्या नजरेतून काहीतरी सुटलंय. गॅस बंद केला का ते स्वतः बघायचे, मग सुनेला बघायला लावायचे, आणि जिना उतरून झाल्यावर पुन्हा वर यायचे. इंद्रलोक नावाच्या वसाहतीतल्या त्यांच्या सोसायटीचा वॉचमन हसून म्हणायचा, "नानाजी दो बार जाते हैं, तब एक बार जाते हैं."

आता यात थोडा दोष नोकरीचाही होता. मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी कागद सांभाळले. शिपाई म्हणून लागले, दफ्तरी म्हणून निवृत्त झाले. वाळवी, उंदीर, गळकं छत आणि चहाचे कप ठेवणारे साहेब, या चौघांपासून फायली वाचवायच्या, हेच काम. घरातही तेच. प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी फायलीत, फाईल पत्र्याच्या ट्रंकेत. ट्रंक माळ्यावर नाही हं, कारण माळ्याच्या वर वरच्यांची न्हाणी. "आपल्या माणसाचा कागद पक्का पाहिजे," हे वाक्य त्यांच्या नातीने, पायलने, बाराखडीच्या आधी ऐकलं असेल.

घरात प्रिंटर आला तो पायलच्या अभ्यासासाठी, पण त्याचा ताबा नानांनी घेतला. त्याच्यावर इंदूबाईंच्या जुन्या नऊवारीचा तुकडा शिवून घातला. इंदूबाई म्हणजे नानांची बायको. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. शेवटचा महिना त्या दवाखान्यात होत्या, तेव्हा एक नर्स रोज सकाळी त्यांचे केस विंचरून बारीकशी वेणी घालून द्यायची. बारा वर्षांची पायल ते बघत बसायची. तेव्हापासून तिने धरलंय, नर्सच व्हायचं. मागच्या वर्षी नर्सिंगची प्रवेश परीक्षा थोडक्यात हुकली. यंदा पुन्हा बसायचं, नाही जमलं तर मुकाट्याने बीकॉम, असं घरात ठरलेलं. पोरगी वर्षभर मान मोडून अभ्यास करत होती.

परीक्षेच्या पंधरा-वीस दिवस आधी प्रिंटरची शाई संपली. नाना बाजारात गेले तेव्हा यतीन म्हणाला, "काका, नवीन कार्ट्रिज कशाला? हेच भरून देतो ना." यतीन म्हणजे कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, गुजराती पोरगा, चार भाषा एकाच वाक्यात बोलणारा.

"भरलेलं चालतं का पण? प्रिंटरला काही होणार नाही?"

"एकदम सेफ, काका."

नाना घरी आले आणि घोर घेऊन आले. त्यांचा मुलगा धम्मपाल विमानतळावर शिफ्टमध्ये काम करायचा. तो म्हणाला, "नाना, रिफिलच्या नादी लागू नका. आमच्या ऑफिसातला एक प्रिंटर तसाच गेलाय. आत गळतं, सगळं चिकट होतं." सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारलं तर तो म्हणाला, मी पाच वर्षं भरलेलंच वापरतोय. खालच्या मजल्यावरचा जितेश म्हणाला, पहिल्यांदा चालतं, दुसऱ्यांदा दगा देतं. तीन माणसं, तीन मतं! नाना पुन्हा यतीनकडे गेले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा यतीनने हातच जोडले. "काका, प्रिंटरला काही झालं तर नवीन मी देतो. बस?"

मग नानांनी कार्ट्रिज भरून घेतलं. यतीनने त्यावर आपल्या नंबरची चिठ्ठी चिकटवली आणि नाना ती कुपी रुमालात गुंडाळून, अंडं आणावं तशी घरी घेऊन आले.

तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ झाली की नाना प्रिंटर चालू करायचे आणि एक टेस्ट पेज काढायचे. रंगांच्या पट्ट्या, काळे चौकोन, बारीक जाळी, सगळं भिंग लावून बघायचे. खाली वाकून गळतंय का ते कापसाने टिपून बघायचे. दुपारी झोप झाली की आणखी एक. संध्या, त्यांची सून, एकदा म्हणाली, "नाना, अहो त्याला जरा श्वास घेऊ द्या की!"

"अगं, ऐन वेळी दगा दिला म्हणजे? आताच कळलेलं बरं."

प्रिंटरने दगा दिला नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पायलने प्रवेशपत्र काढलं, आणि काय सांगू, नवंकोरं निघालं. तिचा फोटो अगदी जिवंत, खाली बारकोडच्या काळ्याभोर रेघा. "नाना, अजून एक काढून ठेवू?" तिने विचारलं.

"नको, नको. एक नीट आलीय ना? उगाच त्याच्यावर लोड नको."

आता त्यांच्या घरात एक रीत होती, इंदूबाईंनी घातलेली. घरात महत्त्वाचा कागद आला, मग तो धम्मपालचा नोकरीचा आदेश असो की पायलचा दहावीचा निकाल, तो एक रात्र तथागतांच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवायचा. तोही उघडा. पहिल्यांदा नानांनी प्लॅस्टिकसकट ठेवला होता, तेव्हा इंदूबाई कडाडल्या होत्या, "काढा ती पिशवी! प्लॅस्टिकमधून काय वाचता येणार त्यांना?" तेव्हापासून एकतीस वर्षांच्या दफ्तरीने या एकाच जागी हार मानली होती.

त्या संध्याकाळी नानांनी त्रिसरण म्हटलं, पिशवीतून प्रवेशपत्र काढलं आणि मूर्तीपुढे ठेवलं. उकाडा मरणाचा, पंखा फुल्ल. कागद फडफडायला लागला. उडून पडला, कोणाचा पाय पडला म्हणजे? सोसायटीतल्या चाफ्याची फुलं त्यांनी आणली होती. रस्त्याच्या कामाची धूळ फार, म्हणून नळाखाली चांगली धुऊन घेतली होती. तीच ओंजळभर फुलं त्यांनी कागदावर ठेवली. कागद बसला. नानांनी समाधानाने हात जोडले आणि झोपायला गेले.

पहाटे सव्वापाचला उठून त्यांनी फुलं उचलली.

फुलांखाली कागद निळा-जांभळा झाला होता. पायलचा एक डोळा आणि गाल ओघळून नावापर्यंत आला होता. बारकोडच्या अर्ध्या रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग झाला होता. आणि खाली, कोरड्या राहिलेल्या भागात, ठसठशीत अक्षरात छापलेलं होतं, की फोटो किंवा बारकोड अस्पष्ट असल्यास परीक्षा केंद्रात प्रवेश मिळणार नाही. फाटक आठला बंद. मोबाईल आत चालणार नाही.

"अरे देवा," नाना पुटपुटले. देव न मानणाऱ्या माणसाच्या तोंडून हेच निघालं, काय करणार.

पायल आतल्या खोलीत झोपली होती. संध्याही. धम्मपाल शिफ्टवर. नानांना वाटलं, कोणी उठायच्या आत काहीतरी करू. त्यांनी प्रिंटरवरचं लुगडं काढलं, ओघळलेला कागद काचेवर पालथा घातला आणि कॉपीचं बटण दाबलं. प्रिंटर घरघरला आणि त्याने डागाचीच कॉपी काढून दिली, तीही फिकट, पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांची. त्याच्या छोट्या पडद्यावर लाल थेंब लुकलुकायला लागला. शाई संपली. त्यांनी पुन्हा दाबलं. यावेळी नुसता राखाडी धूर आल्यासारखा कागद आला.

शाई संपली कशी? आत्ता तर भरली होती! नानांनी खणातला टेस्ट पेजांचा गठ्ठा बाहेर काढला. दफ्तरी माणूस, टाकलं असतं एक तरी? सगळी तारीख घालून ठेवलेली. चौतीस पानं. प्रिंटर चांगला राहतोय का हे बघता बघता त्यांनीच सगळी शाई पिऊन टाकली होती. मूळ फाईल पायलच्या मोबाईलमध्ये. तो तिच्या उशाशी.

मग नानांनी जे केलं ते फक्त एखादा दफ्तरीच करील. त्यांनी पट्टी घेतली, बारीक निबाचं काळं पेन घेतलं, भिंग लावलं आणि बारकोडच्या पुसलेल्या रेघा नव्याने आखायला बसले. एक जाड, दोन बारीक, मग जागा. एक रेघ झाली, दुसरी झाली, तिसरी आखताना ते एकदम थांबले. खाडाखोड केलेला कागद त्यांनी एकतीस वर्षांत कोणाचा म्हणून पुढे जाऊ दिला नव्हता. आणि आज नातीच्या हातात खोटा कागद देऊन तिला फाटकावर उभी करायची? पकडली गेली तर पोरीचं आयुष्यच काळं. पेन खाली ठेवताना त्यांच्या कपाळावरचा घाम कागदावर पडला आणि तीही रेघ गेली.

ते तसेच बसून राहिले. सहाला पाच कमी. बाहेर दूधवाल्याची सायकल. आपण काही बोललोच नाही तर? हे प्रवेशपत्र पिशवीत घालून, वर कोरा कागद लावून... केंद्रावर ती उघडील तेव्हा म्हणता येईल, प्रिंटरने दगा दिला. धम्मपालने सांगितलंच होतं. यतीनवर ढकलता येईल. सगळे मानतील. या विचाराची त्यांना शिसारी आली, कारण हा विचार नवा नव्हता. तो त्यांनी एकोणिसाव्या वर्षी एकदा केला होता, आणि तेव्हा तो केल्याप्रमाणे पार पाडलाही होता.

"नाना? काय झालं?" पायल दारात उभी होती, केस विस्कटलेले, हातात ब्रश.

नानांनी कागद तिच्यापुढे धरला. "माझ्यामुळे झालं, बाई. धुतलेली फुलं मी ठेवली. रेघा आखायलाही बसलो होतो मी, गाढवासारखा. आणि शाई पण मीच संपवली." एका दमात सगळं बोलून टाकलं, उरलं म्हणून काही ठेवलं नाही.

पायलचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभर वाटलं, ही आता रडणार. ती रडली नाही. ओरडलीही नाही. तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. "फाईल माझ्याकडे आहे. प्रिंट कुठे मिळेल या वेळेला, तेवढं सांगा."

कुठे मिळणार? सहा वाजता रविवारी झेरॉक्स कोण उघडतं! तेवढ्यात नानांना कार्ट्रिजवरची चिठ्ठी आठवली. त्यांनी झाकण उघडलं, भिंग लावलं, आणि नंबर पायलला वाचून दाखवला. पहिली रिंग वाजून गेली. दुसरीही. तिसऱ्यांदा झोपेतला आवाज आला, "हां, कौन?"

"यतीन, मी नाना पाईकराव. प्रिंटरवाला."

"काका! गेला काय प्रिंटर?"

"प्रिंटर चांगला आहे रे. माझ्या नातीची परीक्षा जातेय."

साडेसहाला यतीन बनियनवरच शटर वर करत होता. त्याची ती मोठी मशीन गरम व्हायला वेळ घेत होती, आणि तिच्या एकेका आवाजाबरोबर नानांचा जीव खाली-वर होत होता. यतीनने ओघळलेला कागद उजेडात धरला आणि मान हलवली.

"काका, कंपनीची काळी शाई पाण्याला थोडी तरी टिकते. मी भरतो ती साधी, रंगाच्या पाण्याची. अभ्यासाच्या नोट्सला चालते. तुम्ही मला तीन वेळा विचारलं, प्रिंटरला काही होईल का. कागदाला काही होईल का, हे एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना."

एकतीस वर्षं कागद सांभाळणारा माणूस मशीनची काळजी करत बसला होता आणि कागदाचं विचारायचंच विसरला होता. याहून मोठी चपराक त्यांना उभ्या जन्मात कोणी मारली नव्हती, आणि मारणाऱ्याला ती मारल्याचं ठाऊकही नव्हतं.

कागद बाहेर आला, गरम. नानांनी पायलला हात लावू दिला नाही. आधी एक जास्तीची प्रत काढायला लावली, तिच्या कोपऱ्यावर थुंकीचं बोट घासलं, खसाखसा घासलं. शाई हलली नाही. मग आणखी दोन प्रती काढायला लावल्या. मग पिशवी.

रिक्षा मिळाली पावणेसातनंतर. केंद्र काशीगावच्या बाजूला, हायवेपाशी. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा नाना सीटच्या कडेवर बसले होते, जसं काही पुढे झुकल्याने सिग्नल लवकर सुटणार होता. पायल पिशवी छातीशी धरून होती.

"मला लगेच का उठवलं नाहीत?" तिने विचारलं. रागाने नाही, पण विचारलं. "तुम्ही सव्वापाचपासून बसला होतात ना?"

सिग्नल सुटला. मग रिक्षाच्या आवाजात, समोर बघतच, त्यांनी ते सांगितलं, जे त्यांनी इंदूबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी हिंगोलीत कारकुनांची भरती निघाली होती. मॅट्रिकचा दाखला घेऊन नाना गावाहून चालत निघाले. वाटेत कयाधू नदी. ऊन फार होतं, पाण्यात दोस्त होते. खिशातल्या दाखल्यासकट शर्ट काठावरच्या खडकावर ठेवून त्यांनी उडी मारली. पोरांच्या दंग्यात शर्ट पाण्यात पडला. वर काढला तेव्हा दाखल्यावरचं हाताने लिहिलेलं नाव निळं पाणी होऊन वाहून गेलं होतं. दुसरा दाखला काढायला वेळ होता, दोन दिवस होते. शाळेत जाऊन सांगायचं होतं फक्त. पण बापाला तोंड दाखवायची भीती. ते घरी गेले आणि बापाला म्हणाले, साहेबांनी माझा अर्ज घेतला नाही.

"बापाने लगेच खरं मानलं, माय. कामून नाही मानणार? तेव्हा आपल्या माणसाला अडवणारे होतेच की. बापाला स्वतःला किती जागी अडवलेलं. माझ्या खोट्याला त्याच्या खऱ्याचा आधार मिळाला. तो दुसऱ्या दिवशी हिंगोलीला गेला. कचेरीबाहेर चार दिवस हात जोडून उभा राहिला. साहेब, माझ्या पोराचा अर्ज घ्या. कारकून सांगत होता, अरे बाबा, तुझा पोरगा इथं आलाच नाही. बापाला वाटलं, हा खोटं बोलतोय. भरती संपली तेव्हा परत आला. मरेपर्यंत गावात सांगायचा, माझ्या पोराला अडवलं म्हणून, नाहीतर साहेब झाला असता."

रिक्षा काशीमिऱ्याच्या वळणाला लागली. नानांना वाटलं, परीक्षेच्या तोंडावर हे कशाला सांगितलं आपण, अक्कल गहाण ठेवलीय का! पोरीचं चित्त विचलित झालं म्हणजे?

"त्यांना कधीच नाही कळलं?" तिने शेवटी विचारलं.

"नाही. चौदा वर्षं होता त्यानंतर. रोज वाटायचं आज सांगू."

पायलने त्यांचा हात धरला. तिचा तळवा घामाने भिजलेला होता, अगदी त्यांच्यासारखाच. "मला चाळीस मिनिटांत सांगितलंत," ती म्हणाली.

केंद्रावर साडेसातला रांग होती. आई-बाप, डबे, पाण्याच्या बाटल्या. फाटकावरचा माणूस हातातल्या यंत्राने प्रत्येकाचा बारकोड तपासत होता. पायलच्या पुढच्या मुलीचा कागद दोनदा लागला नाही, तेव्हा नानांनी श्वासच घेतला नाही. मग पायलची पाळी. तिने पिशवीतून कागद काढला. यंत्र कागदावर आलं. टिक. माणसाने फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं आणि आत जायची खूण केली.

ती वळली. "घरी जा आता, नाना. उन्हात उभं राहू नका. जय भीम."

"जय भीम, बाई."

ती आत गेली. आठला फाटक बंद झालं. लोक पांगले, कोणी चहाला, कोणी गाडीत एसी लावून. नाना तिथेच, फाटकासमोर. पेपर कसा जाईल याचा घोर होताच, तो कुठे जाणार होता? नऊ वाजले. ऊन चटकायला लागलं. फाटकावरचा माणूस मराठी होता, त्याने दोनदा बघितलं आणि खुर्ची घेऊन आला.

"आजोबा, बसा की. तुमच्या नातीचा कागद एकदम पक्का होता, काळजी करू नका. आणि हात कशाला जोडलेत? मी काय साहेब आहे?"

नानांनी खाली बघितलं. हात खरंच जोडलेले होते. केव्हा जोडले, त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी ते सोडवायचा प्रयत्न केला, पण डोळे असे भरून आले की समोरची खुर्चीही दिसेना.

"राहू द्या, भाऊ," ते म्हणाले. "माझा बाप चार दिवस उभा होता. मी उभाच राहतो."